गॅलरीतलं लाल कापड

आप्पांची चौतीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये गेली होती. त्यामुळे रिटायर झाल्यावरही घरातल्या साध्या गोष्टींना ते रेल्वेचीच भाषा लावायचे. न्हाणीघर रिकामं आहे का हे विचारायचं तर, "लाइन क्लिअर?" जेवायला उशीर झाला तर, "गाडी आउटरला अडकलेली दिसते." सून नवीन होती तेव्हा तिला वाटायचं, सासरे टोमणे मारतायत. मग हळूहळू कळलं, की टोमणा मारायला जो थोडा वाकडेपणा लागतो, तो या माणसाकडे नावालाही नाही. उभा जन्म सिग्नलचे दांडे ओढण्यात गेलेला. हिरवा म्हणजे जा, लाल म्हणजे थांब. मधलं काही त्यांना येतच नव्हतं.

पुढची खोली त्यांची. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात खोल्या दोन आणि स्वयंपाकघर. पुढच्या खोलीला मोठी खिडकी, तिला लागून गॅलरी, खाली रस्ता. खोलीत त्यांची कॉट, हात टेकायच्या जागी पॉलिश उडालेली आरामखुर्ची आणि कपाटावर रेडिओ. मुलगी, ठकी, झाल्यावर सुनेने कपड्यांच्या कारखान्यातली नोकरी सोडली आणि घरीच शिवणकाम करायचं ठरवलं, तेव्हा मशीन ठेवायचं कुठे यावर नवरा-बायकोची दोन दिवस खलबतं चालली होती. ती आप्पांनीच संपवली.

"उजेड पुढच्या खोलीत आहे ना? मग मशीनही तिथंच. सुईत दोरा ओवायला उजेड लागतो. मला झोपायला लागत नाही."

"पण आप्पा, तुमची अडचण होईल."

"माझी कसली अडचण? मी आता मालगाडी. एक्स्प्रेस आली की बाजूला उभं राहायचं."

ती हसली होती. किती सहज हसली होती, ते नंतर तिला फार वेळा आठवलं.

सुरुवातीला मशीन खिडकीपाशी कोपऱ्यात होतं. शेजारच्या बायका यायच्या. बाह्या आखूड करून दे, कंबर सैल करून दे, पडद्याच्या कडा मारून दे. हिचा हात चांगला, जीभ गोड, आणि मुख्य म्हणजे कबूल केलेल्या दिवशी कपडा तयार असायचा. शिंपी आणि कबूल केलेला दिवस यांचं वैर सगळ्या जगाला ठाऊक, त्यामुळे हिचं नाव बघता बघता झालं. मग कापायला टेबल आलं. टेबलासाठी कॉट स्वयंपाकघरात गेली. मग उभा आरसा आला, आरशासाठी आरामखुर्ची गॅलरीत गेली. फोनवर मापं नीट ऐकू येईनात, म्हणून रेडिओ बंद झाला. प्रत्येक वेळी ती विचारायची, "चालेल ना, आप्पा?" आणि प्रत्येक वेळी ते म्हणायचे, "न चालायला काय झालं?"

एकदा जेवताना नवरा म्हणाला, "आप्पा, भटाला ओसरी दिलीत. आता बघत बसा, पाय कुठवर पसरतात ते."

"पसरू दे की. तिच्या पायांत जोर आहे. माझे आखडत चाललेत, मला कितीशी जागा लागणार?"

सगळे हसले. ठकीला कळलं काहीच नाही, तरी तीही हसली, तोंडातला घास सगळ्यांना दाखवत.

धंद्याबरोबर घरात टाचण्या आल्या. कितीही जपा, दोनचार सांडायच्याच. आणि ठकी दिवसभर अनवाणी. एकदा तिच्या टाचेत एक रुतली तेव्हा तिच्यापेक्षा आप्पाच जास्त कळवळले. दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या बाजारातून घोड्याच्या नालेच्या आकाराचा एक जाडजूड लोहचुंबक आणला, त्याला दोरी बांधली, आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी काम आटोपलं की आजोबा आणि नात ती गाडी फरशीवरून ओढत फिरायचे. टेबलाखालून, मशीनच्या पायडलामागून, आरशाच्या पाठीमागून. चुंबकाला टाचण्यांची दाढी फुटायची.

"आज पॅसेंजर किती, गार्डसाहेब?"

"सतरा!"

"बिनतिकीट किती?"

ठकी वाकलेल्या टाचण्या वेगळ्या काढायची. "तीन!"

खोलीत बसायला स्वतःची खुर्ची उरली नसली, तरी घरात आप्पांचं हे एक काम होतं. त्याची वेळ झाली की ते बाह्या सरसावायचे.

मग ती दुपार झाली. आप्पा भाजी घेऊन आले, स्वतःच्या घराचं दार स्वतःच्या किल्लीने उघडलं, आणि आत आरशासमोर एक गिऱ्हाईकबाई अर्धवट कपड्यांत उभी. बाई किंचाळली. आप्पा मागे वळले ते भाजीच्या पिशवीसकट जिना उतरून गेले आणि समोरच्या बाकावर दोन तास बसून राहिले. दार लोटायच्या आधी बाईचं बोलणं त्यांच्या कानावर पडलंच असणार. "घरात अशी पुरुषमाणसं हिंडत असतात, तर आम्ही यायचं कसं हो?"

संध्याकाळी त्यांनी भाजी ओट्यावर ठेवली. "बाई काय म्हणाल्या?"

"काही नाही हो, आप्पा. तुम्ही मनावर नका घेऊ."

त्यांनी पिशवी झटकून खुंटीला लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र कातरणांच्या पोत्यातून त्यांनी अस्तराचे दोन तुकडे निवडून आणले, एक लाल आणि एक हिरवा.

"काल अपघात झाला, तो कोणाच्या चुकीने झाला नाही. यंत्रणा नव्हती म्हणून झाला. आत बायका असल्या की गॅलरीच्या कठड्याला लाल लाव. गेल्या की हिरवा. लाल असेल तर मी वर येणार नाही. काय वाटेल ते होवो."

"अहो, एवढं कशाला? तुम्ही बेल वाजवत जा की."

"स्वतःच्या घराची बेल?" ते हसले, पण डोळे हसले नाहीत. मग त्यांनी बोट वर केलं. केबिनमध्ये नव्या माणसाला शिकवताना करत असतील, तसं. "एक लक्षात ठेव. सिग्नल देणाऱ्याने विसरायचं नसतं. गाडीवाल्याला पुढचं काही दिसत नाही, त्याला फक्त खांब दिसतो."

तिच्या ओठांत टाचण्या होत्या. तिने मान हलवून हो म्हटलं.

यंत्रणा उत्तम चालली. आधी आठवड्यातून दोनदा लाल लागायचा, मग रोज, मग रोज दुपारी तीन ते सहा. आप्पा समोरच्या बाकावर किंवा शेजारच्या लाँड्रीत बसायचे. लाँड्रीवाला इस्त्री फिरवत विचारायचा, "काय आप्पा, ड्युटी लागली?" आणि हे म्हणायचे, "चौतीस वर्षं सिग्नल दिले. आता पाळतोय. फिट्टंफाट." खिडकीतून तिला ते दिसायचे, मान वर करून बसलेले. कधी वाटायचं, एक कप चहा खाली नेऊन द्यावा. पण तेवढ्यात गिऱ्हाईक म्हणायचं, "ताई, इथं जरा चुणी पडतेय बघा," आणि चहा राहून जायचा. हिरवा लागला की मात्र ते टुणकन उठायचे. ते उठणं बघायला तिला बरं वाटायचं. आपण कुणाला तरी घरी बोलावतोय असं वाटायचं. घर त्यांचंच आहे, हे त्या वेळी मनात यायचं नाही.

थंडी कडाक्याची पडली होती त्या आठवड्यातली गोष्ट. सोमवार होता, म्हणजे लाँड्री बंद. ठकी मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली होती. येताना तिला बाबा घेऊन येणार होते. तीन वाजता लग्नाच्या पोशाखाच्या शेवटच्या फिटिंगला नवरी आली, सोबत तिची आई आणि मावशी. तिने लाल लावला. मफलर गुंडाळत आप्पा निघाले.

"आज वेळ लागेल, आप्पा. स्वेटर घातलात ना?"

"घातला, घातला. गाडी मार्गस्थ."

नवरीने पोशाख चढवला आणि तो काखेशी, मुंढ्यात अडकला. महिन्याभरात पोरीने अंग धरलं होतं. मावशी म्हणाली, "तरी मी सांगत होते, लग्न होईपर्यंत तोंड आवर." नवरीच्या डोळ्यांत पाणी. आई मावशीवर उखडली. त्या तिघींना समजावता समजावता हिच्या नाकी नऊ आले. सगळी बाजू उसवून, आतली शिवण सोडून, परत जोडायची होती, आणि पोशाख उद्या सकाळी हवा होता. साडेचारला त्या गेल्या. दार लावलं तसं तिने नुसतं "हुश्श" केलं आणि सरळ मशीनवर बसली. गॅलरीकडे पाठ करून.

त्या दिवशी काम झरझर झालं. हाताला लय सापडली होती. सहाच्या सुमाराला तिने दिवा लावला, पाणी प्यायली, आणि तिच्या मनात आलं, आज घर कसं शांत आहे. कुणाची लुडबुड नाही. असं रोज मिळालं तर किती काम उरकेल.

हे वाक्य तिने नंतर कुणालाच सांगितलं नाही.

साडेसात वाजता नवरा ठकीला घेऊन मागच्या फाटकाने आला. ठकीच्या डोक्यावर कागदाची टोपी, मुठीत चेंगरलेला केकचा तुकडा.

"आप्पांसाठी आणलाय. आप्पा कुठेत?"

"असतील स्वयंपाकघरात."

ठकी स्वयंपाकघरात जाऊन आली. "नाहीत."

"मग लाँड्रीत असतील," असं म्हणता म्हणताच तिला सोमवार आठवला. ठकी तोवर गॅलरीत पोचली होती. कठड्याच्या गजांतून तोंड बाहेर काढून ती ओरडली, "आप्पा! वर या ना!" आणि मग आत वळून, घरातला नियम मोडलेला पाहून मुलं रागावतात तशी रागावून म्हणाली, "आई, लाल आहे अजून!"

पायात चप्पलही न घालता ती जिना उतरली.

रस्त्यावरचे दिवे लागलेले. बाकावर आप्पा अंग चोरून बसले होते, हात बगलेत, मफलर मात्र गळ्यात नव्हता. तो त्यांनी मांडीवर पसरला होता, वर वर्तमानपत्राची घडी. ओठ काळेनिळे पडलेले.

"आप्पा! अहो, त्या तर साडेचारलाच गेल्या! तुम्ही... वर का नाही आलात?"

"सिग्नल नव्हता," ते म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. नुसता रिपोर्ट होता.

"चला, आधी वर चला. उठा." तिने त्यांचा दंड धरला.

"तू हो पुढे. मी येतो."

"अहो, गारठलात किती! चला ना."

"तू हो पुढे, बाळ."

लग्नाला सहा वर्षं झाली होती, त्यांनी तिला कधी बाळ म्हटलं नव्हतं. तिची नजर मफलरवर गेली, मग त्यांच्या पायांखालच्या फरशीवर, आणि तिथेच थबकली. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी सांगितलेलं तिला आठवलं. या वयात लघवी धरून ठेवता येत नाही, त्यांना अडवू नका. त्यांना न्हाणीघराजवळ झोपता यावं म्हणून तर कॉट स्वयंपाकघरात नेली, असं ती सगळ्यांना सांगायची.

आप्पा रस्त्याच्या पलीकडे बघत होते.

ती पुढे झाली. वर जाऊन नवऱ्याला आणि ठकीला आतल्या खोलीत काहीतरी निमित्ताने गुंतवलं, न्हाणीघरात गरम पाणी काढलं, धुतलेला लेंगा खुंटीला टांगला, आणि दार सताड उघडं ठेवून स्वतः गॅलरीत गेली. लाल कापड सोडायला लागली तर गाठ सुटेना. शेवटी कात्रीने कापून काढलं आणि हिरवं बांधलं. खाली आप्पांनी वर पाहिलं. मग ते उठले. टुणकन नाही.

त्या रात्री आणि पुढचे दोन आठवडे तिने किंवा आप्पांनी त्याचा विषय काढला नाही. तिला माफी मागायची होती. पण माफी मागायची म्हणजे ती गोष्ट तोंडाने उच्चारायची, आणि ती उच्चारली जाऊ नये एवढंच तर आप्पांना हवं होतं. म्हणून ती चहात जास्त साखर घालायची, त्यांचे कपडे आधी इस्त्री करायची, सहापर्यंतचं काम पाचला आटोपायची. तेही रोजच्यासारखेच वागत होते. चुंबक फिरत होता. फक्त दुपारी बाकावर जाताना ते आता चहा घ्यायचे नाहीत. पाणीही नाही. दोन वाजल्यापासून तोंड कोरडं ठेवायचे. ते तिने पाहिलं, आणि पाहिल्याचं दाखवलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात ते जेवताना म्हणाले, "थोडे दिवस लेकीकडे, ताईकडे जाऊन यावं म्हणतो."

"अरे वा, जा की," नवरा म्हणाला. "तेवढाच हवापालट."

ते गेल्यावर दोन दिवसांनी नणंदेचा फोन आला. "अगं, आप्पा आल्यापासून तुझंच कौतुक चाललंय. सून एकटीच्या हिमतीवर धंदा चालवते, घर सांभाळते, काही विचारू नकोस. खरंच, तू किती करतेस गं त्यांचं!"

फोन कानाला लावून ती आरशासमोर उभी होती. तिने आरशाकडे पाठ केली.

थोड्या दिवसांचे दोन महिने झाले. फोनवर ते ठकीशी भरभरून बोलायचे, तिच्याशी बेताचं. "या ना आता, आप्पा." "येऊ, येऊ. इथं पोरांना सुट्ट्या आहेत." मग सुट्ट्या संपल्या. मग ताईच्या नवऱ्याचा पाय मुरगळला. कारण काही संपेना.

चौथ्या महिन्यात तिने रस्त्याच्या टोकाला एक गाळा घेतला. पेटीएवढा, पण पडदा लावून कपडे बदलायची जागा होईल असा. मशीन गेलं, टेबल गेलं, आरसा गेला. "इतके दिवस घरी छान चाललं होतं की," नवरा म्हणाला, "आत्ताच काय झालं?" ती म्हणाली, "उजेड कमी पडत होता." मग तिने आरामखुर्ची आत आणली, कॉट खिडकीपाशी लावली, रेडिओला नवे सेल घातले. आणि फोन केला.

"आप्पा, खोली रिकामी केलीय. तुमची."

गाळ्याचं त्यांना ठकीने फोनवर सांगितलं होतं. "गाळा कसा आहे? हवा येते का?"

"येते. तुम्ही कधी येताय?"

"येतो एकदा. बघायला."

पुढच्याच रविवारी ते आले. तिने सकाळीच कठड्याला हिरवं कापड बांधलं होतं, नवं, चांगलं दीड हात लांब. गॅलरीतून तिने पाहिलं. ते बाकापाशी थांबले, मान वर केली, कापड पाहिलं. हसलेही असतील, एवढ्या वरून कळलं नाही. ती धावत दाराशी गेली. दार उघडंच होतं.

तरी त्यांनी बेल वाजवली.

आत आले. खोली नीट पाहिली, "वा, ऐसपैस झाली," म्हणाले, आणि आरामखुर्ची सोडून दाराजवळच्या स्टुलावर बसले, जिथे गिऱ्हाईकं आपली पाळी येईपर्यंत बसायची.

"आप्पा, खुर्चीत बसा ना."

"असू दे. बरं आहे इथं. तुला काही काम नाही ना आत्ता?"

"रविवार आहे, आप्पा. काही नाही."

"नाही म्हटलं, असलं तर मी खाली..."

"आप्पा!" तिचा आवाज चिरकला. तेवढ्यात ठकी चुंबक घेऊन आली आणि तो प्रसंग तिथेच मोडला. आजोबा-नातीने अख्खी खोली पालथी घातली. कॉटखाली, कपाटामागे, खिडकीच्या कोपऱ्यात. दोघेही गुडघ्यांवर. शेवटी ठकीने चुंबक उचलून पाहिला. स्वच्छ होता. धुळीतले दोन केस तेवढे चिकटलेले.

"एकही पॅसेंजर नाही," ती हिरमुसून म्हणाली.

"मग हे स्टेशन बंद करावं लागणार, गार्डसाहेब," आप्पा गुडघ्यांवर हात टेकून उठत म्हणाले. "आता इथं माझं काय काम?"

थट्टाच होती ती. नवरासुद्धा हसला. संध्याकाळच्या आत आप्पा ताईकडे परत गेले. चुंबक ठकीकडे ठेवून गेले.

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला, रविवारी परत चक्कर टाकतो म्हणून. त्या सकाळी नवरा अजून झोपला होता. तिने ठकीला उठवून पायात मोजे घातले, मोज्यांवर बूट घातले, नाड्या घट्ट बांधल्या.

"घरात बूट कशाला?"

"आज घालायचे. आणि कोणी विचारलं तर सांगायचं नाही."

मग तिने गाळ्यातून आणलेली टाचण्यांची डबी उघडली. एक मूठ घेतली आणि पुढच्या खोलीत हिंडत थोड्या कॉटखाली टाकल्या, थोड्या कपाटामागे, चार खिडकीच्या कोपऱ्यात, आणि उरलेल्या सगळ्या, आरामखुर्चीच्या अगदी पायांशी, म्हणजे त्या वेचून झाल्या की दमलेला माणूस तिथंच टेकेल. दोनचार तिने मुद्दाम वाकवून टाकल्या. बिनतिकीट.

ठकी दारात उभी राहून बघत होती. तिने बोटं वर करून मोजायला सुरुवात केली, आणि आईने नाही अशी मान हलवताच तोंडावर हात ठेवून गप्प बसली.